पिवळा धोतरा कुणाच्या कुळातला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अफूवरचा पानभर लेख वाचला. लेखासोबत दोन छायाचित्रं होती. पहिल्यात चिरा दिलेलं बोंड आणि त्यावरून ओघळणारा पांढरा चीक. दुसऱ्यात काटेरी पानांचं, पिवळ्या फुलाचं झुडूप, आणि त्याखाली ओळ : ‘धोतऱ्याची पिवळी जात, नशेच्याच कुळातली.’ ती ओळ मी तीनदा वाचली. पत्र लांबलं तर खुशाल कापा, पण छायाचित्राखालची ती ओळ तेवढी दुरुस्त करून छापा, अशी सुरुवातीलाच विनंती करते.

मी एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. शिकवणं माझं काम नव्हतं. सकाळी लवकर येऊन ताजे नमुने गोळा करायचे, टेबलांवर मांडायचे, सॅफ्रनिन या रंगाच्या बाटल्या भरायच्या, ब्लेड, सुया, भिंगं मोजून द्यायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची, हे माझं काम. त्यामुळे झाडांची कुळं मी पुस्तकातून कमी आणि हाताने जास्त शिकले. धोतरा आणि पिवळा धोतरा हे दोन नमुने मी शेकडो वेळा शेजारी शेजारी मांडले असतील.

धोतऱ्याचं फूल म्हणजे एकसंध कर्णा. पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, खाली संदलांची, म्हणजे कळीला झाकणाऱ्या हिरव्या दलांची, लांब नळी, आत मोजून पाच पुंकेसर. तो वांग्या-बटाट्याच्या कुळातला. पिवळ्या धोतऱ्याचं फूल हातात घ्या. चार ते सहा सुट्या पाकळ्या, एकेक ओढली की अलगद निघते. आत पुंकेसर इतके की मुलं मोजायचा नाद सोडून ‘अनेक’ असं लिहून टाकतात, आणि ते बरोबरच असतं. मधोमध गडद लाल किंजल्क, म्हणजे पराग झेलणारं टोक. कळीवर दोन-तीन संदल, प्रत्येकाच्या टोकाला छोटं शिंग. आणि देठ मोडला की भडक पिवळा चीक. धोतऱ्याच्या देठातून असा चीक कधीच येत नाही. काटेरी बोंडापलीकडे या दोघांत साम्य म्हणून नाही. बोंड काटेरी दिसलं म्हणून कुणीतरी कधीकाळी नाव दिलं आणि ते चिकटलं. शास्त्रीय नाव आर्जेमोने मेक्सिकाना. मूळची अमेरिका खंडातली वनस्पती, आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत पडीक जमिनीवर माजलेलं तण. कूळ पॅपॅव्हरेसी, म्हणजे आपण अहिफेन कूळ म्हणतो ते, अफूचं.

म्हणजे ओळीचा दुसरा भाग बरोबर, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. कूळ अफूचंच. पण ‘नशेचं कूळ’ हे शब्द मला टोचले. या कुळात चाळीसहून अधिक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, आणि सातशेहून अधिक जाती आहेत. त्यांतली अफू देणारी म्हणून माणसाने जोपासलेली जात मुख्यत्वे एकच, पॅपॅव्हर सॉम्निफेरम. एका माणसाच्या लौकिकावरून सातशे माणसांच्या गावाला नाव ठेवण्यासारखं हे झालं. शिवाय पिवळ्या धोतऱ्यात अफूतलं मॉर्फिन नाही. त्याच्यात आहे ते विष निराळंच आहे, आणि त्याची ओळख वाचकाला असणं अफूच्या इतिहासापेक्षा जास्त गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

ते मला कसं कळलं ते सांगते. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी बियांचे वॉच ग्लास, म्हणजे काचेच्या उथळ वाट्या, भरत होते. एकात मोहरी, एकात पिवळ्या धोतऱ्याचं बी. चिठ्ठ्या लावताना माझी अदलाबदल झाली. दोन्ही बिया काळपट, गोल, जवळपास एकाच आकाराच्या. उभ्याने पाहून मला फरक कळला नाही. विभागप्रमुख मॅडम फेरी मारायला आल्या, वाकून पाहिलं, आणि रागावण्याऐवजी मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. हातात भिंग दिलं. म्हणाल्या, “दोन्हीतले वीस-वीस दाणे बघ, मग चिठ्ठ्या लाव.”

भिंगाखाली मोहरीचा दाणा जवळपास गुळगुळीत दिसतो. बारीक जाळी असते, पण ती उथळ, पुसट. पिवळ्या धोतऱ्याच्या दाण्यावर मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उठावदार जाळी असते, खोल खळगे आणि मध्ये उभे कंगोरे, आणि एका बाजूला दाणा किंचित टोकदार होतो, चोच असावी तसा. दहाव्या दाण्यापर्यंत माझी नजर बसली. त्यानंतर आजतागायत ते दोन दाणे माझ्या हातून एकदाही चुकलेले नाहीत. चिठ्ठ्या बदलून झाल्यावर मॅडमनी सांगितलं की हीच अदलाबदल तेलाच्या घाण्यावर झाली की माणसं मरतात.

मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल गेलं, मग ते शेतातल्या तणाचं बी चुकून मिसळून जावो की कुणी लोभाने मिसळो, तर ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ नावाचा रोग होतो. दोन्ही पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. एक टक्का भेसळही त्रासाला पुरते. कलकत्त्यात १८७७ मध्ये या रोगाची साथ नोंदली गेली, तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. साथ आहे म्हणजे जंतू असणार, असा तर्क बरीच वर्षं चालला. १९२६ मध्ये सरकार नावाच्या डॉक्टरांनी त्याचा संबंध या बियांच्या तेलाशी जोडला. आणि इतकं कळूनही १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत साठहून अधिक माणसं याच भेसळीने गेली. त्या महिन्यांत मी रोज वर्तमानपत्र उघडलं की आधी तीच बातमी शोधत असे, आणि डोळ्यांपुढे ते दोन वॉच ग्लास यायचे.

त्या विषाचं नाव सँग्विनारिन. ते पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं, केशवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव झिरपतो, म्हणून सूज. तेलाच्या नमुन्यात तीव्र नायट्रिक आम्ल टाकलं की भेसळीच्या तेलात नारिंगी ते लालसर तपकिरी रंग चढतो. ही परीक्षा मी स्वतः परीक्षानळीत करून मुलांना दाखवली आहे. (आम्ल हाताळायचं म्हणजे काळजी हवीच, घरी करायची गोष्ट नव्हे ही.)

आर्जेमोने हे नावही विचार करायला लावणारं आहे. ग्रीकमध्ये ‘आर्जेमा’ म्हणजे डोळ्यात पडणारा पांढरा डाग, आणि त्यावर गुणकारी समजल्या जाणाऱ्या खसखशीसारख्या एका वनस्पतीला प्राचीन लोक या नावाने ओळखत. तेच नाव पुढे या अमेरिकी झाडाला मिळालं. नावात डोळ्याचं औषध, आणि बियांच्या तेलात दृष्टी घालवणारं विष. म्हणून या झाडाचा पिवळा चीक डोळ्यात घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, असं मी प्रत्येक तुकडीला सांगत आले. शिकवणं माझं काम नसलं तरी हे सांगत आले.

आता या सँग्विनारिनचं नाव कुठून आलं? याच कुळातल्या दुसऱ्या एका सदस्याकडून. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत सँग्विनारिया कॅनडेन्सिस नावाची छोटी वनस्पती आहे. तिचं जमिनीखालचं खोड मोडलं की रक्तासारखा लाल चीक येतो, म्हणून तिला इंग्रजीत ‘ब्लडरूट’ म्हणतात. या प्रजातीत ही एकच जात. हिवाळा सरता सरता, जंगलातल्या मोठ्या झाडांना पालवी फुटायच्या आत हिचं एकुलतं एक पांढरं फूल येतं, आणि कळी वर येताना तिच्याभोवती तिचं एकुलतं एक पान लपेटलेलं असतं, थंडीत लेकराला शालीत गुंडाळावं तसं. तिच्या बियांवर स्निग्ध पदार्थाचा छोटा पांढरा गोळा असतो. मुंग्या त्या गोळ्यासाठी बी ओढून वारुळात नेतात, गोळा खातात आणि बी तसंच टाकून देतात. तिथे ते रुजतं. युरोप-आशियातली चेलिडोनियम ही हिची बहीण. तिचा चीक नारिंगी-पिवळा, तो चामखिळीवर लावण्याची युरोपात जुनी रीत, आणि तिच्याही बियांचे हमाल मुंग्याच.

चिकावरूनच हे कूळ ओळखावं असं आता कुणाच्या मनात येईल. मीही सुरुवातीला हाच ठोकताळा धरला होता. अफूचा पांढरा, पिवळ्या धोतऱ्याचा पिवळा, चेलिडोनियमचा नारिंगी, ब्लडरूटचा लाल. पण कॅलिफोर्निया पॉपीने तो मोडला. (पॉपी हे अफूच्या आणि तिच्या भावंडांच्या फुलांचं इंग्रजी नाव.) विभागाच्या कुंड्यांमध्ये ती आम्ही दर थंडीत लावायचो. देठ मोडला तर रस निघतो तो जवळजवळ पाण्यासारखा. ही एशोल्झिया कॅलिफोर्निका. १८१६ मध्ये ‘रुरिक’ या रशियन जहाजावरून निघालेली मोहीम सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याला लागली होती. जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ आडेलबर्ट फॉन शामिसो याने हे फूल नोंदवलं आणि सोबतच्या वैद्याचं, योहान एशोल्ट्झ याचं नाव त्याला दिलं. कॅलिफोर्नियाने १९०३ मध्ये ते राज्यफूल केलं. हिचे दोन संदल एकमेकांना जोडून त्यांची टोकदार टोपी झालेली असते. फूल उमलताना पाकळ्या ती टोपी वर ढकलतात आणि ती अख्खी उडून पडते. मुलांना ही टोपी बोटावर घालून पाहायला फार आवडायचं. ढग आले की फूल मिटतं, म्हणून प्रात्यक्षिक दुपारी असलं आणि आभाळ भरून आलं की माझा जीव खालीवर होई.

खरी खूण चिकापेक्षा संदलांत आहे. बहुतेक सगळ्या कुळात दोन संदल, क्वचित तीन, आणि फूल उमलताच गळणारे. पूर्ण उमललेल्या पॉपीला संदल शोधू नयेत, सापडत नाहीत. कितीतरी मुलं चित्रात मनानेच हिरवे संदल काढत आणि गुण गमावत. मी एकदा ठरवून सकाळी लवकर येऊन बसले, शेतातल्या लाल पॉपीची, पॅपॅव्हर ऱ्हियासची कळी उमलताना पाहायला. कळी कित्येक दिवस मान खाली घालून लोंबत असते, देठावर राठ केस. उमलण्याच्या सुमारास देठ ताठ होतो आणि कळी वर पाहू लागते. त्या सकाळी दोन केसाळ संदलांमध्ये लाल चीर दिसली. चीर रुंदावली. एक संदल बाजूला कलला, थोडा वेळ अडकून राहिला, मग टपकन मातीत पडला. दुसरा लगेच मागोमाग. आत चार पाकळ्या, पेटीत घाईघाईने कोंबलेल्या रेशमी लुगड्यासारख्या चुरगळलेल्या. बघता बघता एकेक सुरकुती सुटत गेली. कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. त्या दिवशी हजेरीच्या वहीत मी उशिरा सही केली.

ही पाकळी जेमतेम तीन पेशीथरांची असते. इतकी पातळ असूनही रंग इतका गडद, कारण वरच्या आणि खालच्या थरांतल्या पेशी जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारख्या वेड्यावाकड्या एकमेकींत बसलेल्या असतात, त्या रंगद्रव्याने ठासून भरलेल्या असतात आणि मधल्या हवेच्या फटींमुळे प्रकाश जोरात विखुरतो. या फुलात मध नसतो. मधमाश्या येतात त्या निव्वळ परागासाठी. आणि एक एकांडी मधमाशी आहे, हॉप्लायटिस पापाव्हेरिस, ती तर पाकळ्यांचे तुकडेच कातरून नेते. वाळूत बोटाएवढं बीळ खणते आणि आतून त्याला पॉपीच्या पाकळ्यांचं लाल अस्तर लावते. त्या लाल खोलीत तिचं अंडं. हे वाचल्यापासून मला पाकळी कातरलेली दिसली की मन भरून येतं.

स्वतःच्या परागाला हे फूल घरात घेत नाही. शेतातल्या पॉपीच्या किंजल्कावर त्याच रोपाचा पराग पडला तर काही क्षणांतच परागनलिकेत कॅल्शियम उसळतं, तिची वाढ थांबते आणि ती पेशी स्वतःच मरण पत्करते. परक्या रोपाच्या परागाला मात्र मोकळी वाट. वनस्पतींमध्ये हे कसं घडतं याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी ज्या थोड्या झाडांवर बारकाईने केला त्यांत ही एक.

आणि बोंड! आपल्या छायाचित्रात चिरा दिलेलं बोंड आहे, पण न चिरलेलं, वाळलेलं बोंड कसं काम करतं हे लेखात कुठेच नाही. वर चाकासारखी झाकणी, तिच्यावर किंजल्काचे आरे. झाकणीच्या खालीच, छज्जाखाली खिडक्या असाव्यात तशी बारीक भोकांची रांग. बोंड उभं असतं, म्हणून बी आपोआप सांडत नाही. लांब देठ वाऱ्याने झुलला की चिमूटभर बी बाहेर फेकलं जातं. राऊल फ्रान्से नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास या बोंडावरून मिठाच्या डबीची रचना केली आणि तिचं पेटंट घेतलं. मी वर्गात वाळकं बोंड पांढऱ्या कागदावर हलवून दाखवायची. प्रत्येक झटक्याला थोडेच दाणे. खसखशीचा दाणा भिंगाखाली पाहिला तर मूत्रपिंडाच्या आकाराचा, अंगावर षटकोनी जाळी. चीक वाहून नेणाऱ्या नळ्या बोंडाच्या भिंतीत असतात, बियांत नसतात. म्हणूनच एकाच बोंडाच्या भिंतीतून अफू निघते आणि आतली खसखस खाण्याजोगी राहते. लेखकांनी ही गोष्ट सांगायला हवी होती.

लाल पॉपीचं बी मातीत खोल गेलं तर दशकानुदशकं जिवंत पडून राहतं. माती उकरली गेली, उजेड लागला, की रुजतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या रणभूमीवर तोफांनी जमीन अशी उकरली गेली, आणि थडग्यांमधून लाल फुलं उगवली. जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरने मे १९१५ मध्ये त्यावर कविता लिहिली, तेव्हापासून हे फूल हुतात्म्यांच्या स्मरणाचं झालं. लेखात अफूची युद्धं आली, १८३९ ची आणि १८५६ ची, आणि ती यायलाच हवीत. पण याच कुळातलं फूल अकरा नोव्हेंबरला लाखो लोक छातीवर लावतात, ते का, तेही यायला हवं होतं.

अफूचं पाप मी झाकू पाहत नाही. व्यसनाने घरं बसलेली मीही पाहिली आहेत. पण एकट्या अफूचं म्हटलं तरी गोष्ट अर्धीच सांगितली गेली. १८०५ च्या आसपास फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या विशीतल्या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. वनस्पतीतून शुद्ध स्वरूपात मिळालेलं हे पहिलं अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारं वनस्पतीतलं द्रव्य. पुढे त्याने ते स्वतः घेऊन आणि तीन तरुणांना देऊन पाहिलं, सगळेच जिवावरच्या संकटातून वाचले. त्या आधी वैद्याला अफूची मात्रा अंदाजाने द्यावी लागे, कारण प्रत्येक अफूचा जोर निराळा. त्यानंतर वेदनाशामक मोजून देता येऊ लागलं. १८३२ मध्ये कोडीन मिळालं, १८४८ मध्ये पापाव्हेरिन, ज्यात नशा नाही, ते रक्तवाहिन्या सैल करतं. आणि याच चिकात थेबेन नावाचं एक द्रव्य असतं. त्यापासून प्रयोगशाळेत नॅलॉक्झोन बनवतात. अफूवर्गी औषधाच्या अतिमात्रेने श्वास थांबत चाललेल्या माणसाला नॅलॉक्झोन दिलं की काही मिनिटांत तो श्वास घेऊ लागतो. विष आणि उतारा एकाच रोपात. लेखात हेरॉइनला दोन परिच्छेद आहेत, नॅलॉक्झोनला एक शब्दही नाही. याचं मला वाईट वाटलं.

आता कुळाच्या दुसऱ्या घराण्याकडे येते, कारण त्याच्याशी माझा जवळचा संबंध आहे. आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांच्या संग्रहात, दुसऱ्या एका संस्थेकडून अदलाबदलीत आलेली एक शीट होती. वाकलेल्या एका दांड्यावर ओळीने लोंबणारी, दाबून चपटी झालेली हृदयं. बाहेरच्या दोन पाकळ्या तळाशी फुगून हृदयाचा आकार झालेला, आतल्या दोन पांढऱ्या पाकळ्या हृदयाच्या टोकातून थेंबासारख्या खाली आलेल्या. ‘ब्लीडिंग हार्ट’. शीटवर नाव डायसेंट्रा स्पेक्टाबिलिस, कूळ फ्युमारिएसी. मी त्या शीटला कीड लागू नये म्हणून वर्षानुवर्षं जपलं. मग १९९७ मध्ये तिची प्रजाती बदलून लॅम्प्रोकॅप्नोस झाली. आणि २००९ मध्ये सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाची जी तिसरी आवृत्ती आली तिने फ्युमारिएसी हे वेगळं कूळच मिटवून त्याला पॅपॅव्हरेसीत सामावून घेतलं.

पहिल्यांदा मला ते पटेना. कुठे ती लाल पॉपी, सगळीकडून सारखी, शेकडो पुंकेसरांची, आणि कुठे हे हृदय, कसं तरी दोनच बाजूंनी सारखं, आत अवघे सहा पुंकेसर! पण मॅडमनी पुन्हा भिंग दिलं. कळीवर दोन छोटे संदल, तेही लवकर गळणारे. पाकळ्या दोन-दोनच्या दोन फेऱ्यांत, पॉपीसारख्याच. रसायनं त्याच जातकुळीची, प्रोटोपिन नावाचं अल्कलॉइड तर जवळजवळ अख्ख्या कुळात सापडतं. डीएनएनेही तेच सांगितलं. आणि मध्ये हळूहळू बदलत गेलेल्या पायऱ्याही आहेत. पॉपी कुठूनही कापली तरी दोन सारखे भाग. ब्लीडिंग हार्ट आडवं कापा किंवा उभं, दोनच प्रकारे सारखे भाग. कोरिडॅलिस आणि फ्युमारियात एकाच पाकळीला मधाची पिशवी, म्हणून एकाच रेषेत कापलं तर सारखे भाग. एका कुळात फुलाच्या समरूपतेचे तिन्ही प्रकार! मी त्या शीटवरचं छापील नाव खोडलं नाही, खाली पेन्सिलीने नवं नाव, नवं कूळ आणि तारीख लिहिली. हर्बेरियममध्ये असंच करतात, जुनं नाव दिसत राहिलं पाहिजे.

फ्युमारियाच्या नावात लॅटिनमधला धूर आहे. राखाडी-हिरवी, बारीक चिरलेली पानं लांबून जमिनीतून निघालेल्या धुरासारखी दिसतात. आपल्याकडे तिला पित्तपापडा म्हणतात, पण हेच नाव अगदी वेगळ्या कुळांतल्या आणखी दोन-तीन वनस्पतींनाही आहे. पिवळ्या धोतऱ्यासारखाच घोटाळा. नुसत्या मराठी नावावर विसंबून औषध आणणाऱ्याला काय मिळेल याचा भरवसा नाही.

जुन्या वर्गीकरणात तर आणखी एक गंमत होती. पॉपीचं आणि मोहरीचं कूळ सख्खे शेजारी मानले जात. दोघांनाही चार पाकळ्या, दोघांच्याही बिया अंडाशयाच्या भिंतीला लागलेल्या. आता पॉपीला मोहरीपासून बरंच दूर नेऊन रॅननक्युलस या फुलझाडाच्या गणात बसवलं आहे, द्विदल वनस्पतींच्या वंशवृक्षातल्या एका जुन्या फांदीवर. माझे ते दोन वॉच ग्लास मी मनात नेहमी शेजारी ठेवते, पण आता ते शेजार तेवढ्यापुरतंच.

निळ्या पॉपीबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. हिमालयातल्या मेकोनॉप्सिसच्या काही जातींचं निळेपण आकाशाचं असतं. त्या निळ्याचं मूळ रंगद्रव्य सायनिडिन आहे, म्हणजे लाल गुलाबात असतं तेच. पाकळीत त्याला लोह आणि मॅग्नेशियमची जोड मिळते आणि लाल द्रव्य निळं होतं. भूतानचं राष्ट्रीय फूल यांतलंच. कित्येक जाती वर्षानुवर्षं नुसत्या पानांचा गुच्छ होऊन बसतात, एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. पाकळ्याच नसलेली मॅक्लेया, झाडाएवढी वाढणारी बोक्कोनिया, तळहाताएवढ्या पांढऱ्या फुलांची रोमनेया, यांच्याबद्दल लिहायला बसले तर आपल्याला पुरवणी काढावी लागेल.

माझ्या मागण्या तीन. छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करा : ‘पिवळा धोतरा, आर्जेमोने मेक्सिकाना, कूळ पॅपॅव्हरेसी. विषारी. धोतऱ्याशी संबंध नाही.’ दुसरं, यापुढे वनस्पतीचं छायाचित्र छापाल तेव्हा मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव आणि कूळ देवनागरीत द्या, एका ओळीची तर जागा लागते. तिसरं, मोहरी आणि पिवळ्या धोतऱ्याचं बी शेजारी शेजारी ठेवून, भिंगातून दिसतं तेवढं मोठं करून एकदा छापा. दाणे हवे असतील तर माझ्याकडे काड्यापेटीत दोन्ही जपून ठेवलेले आहेत, चिठ्ठ्यांसकट. आपल्या छायाचित्रकाराला मी ते द्यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आपलं ते छायाचित्र पुन्हा भिंगाखाली धरलं. उजव्या कोपऱ्यात, खालून दुसरं पान कुणीतरी मोडलेलं आहे. मोडलेल्या कडेवर पिवळा थेंब स्पष्ट दिसतो.